काय सारखं?

आमच्याकडे कुणी पाहुणा आला की मी त्याला दारातच हळू आवाजात सांगते, "हे बघा, ह्यांच्याशी सरळ बोला. म्हणी नकोत, टोमणे नकोत, गंमत नको." पाहुणा समजूतदारपणे मान हलवतो, आत येतो आणि पहिलंच वाक्य टाकतो, "काय दादा, चेहरा का असा उतरलाय?" मग माझे मिस्टर आपला चांगला हात चेहऱ्यावरून फिरवून बघतात, आहे ना जागेवर. मी कपाळावर हात मारून घेते. तर मलाच विचारतात, "डोकं दुखतंय का?"

दुखतं. हल्ली खरंच दुखतं.

ह्यांना झटका आला त्याला दोन वर्षं होऊन गेली. मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा पाय ओढत का होईना चालतो, डावा हात नुसता लटकलेला असतो. पण वाचा शाबूत राहिली म्हणून आम्ही मायलेकी किती खूश झालो होतो! दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर ह्यांनी आमची नावं घेतली, चहा मागितला, चहात साखर कमी आहे अशी तक्रारसुद्धा केली. मी रडत रडत म्हटलं, "अहो, तोंडचं पाणी पळवलंत तुम्ही आमच्या." तर हे नर्सला म्हणाले, "सिस्टर, हिला पाणी द्या." वॉर्डातले सगळे हसले. आम्हीही हसलो. वाटलं, माणूस होता तस्सा परत आला, आल्या आल्या विनोद करतोय.

तसं वाटण्याला कारण होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्या कंपनीत हे लागले, तिथे ह्यांचं नाव मशीनवरच्या कामापेक्षा जिभेमुळे जास्त. गेटवर बोलायला उभे राहिले की सुटलेल्या शिफ्टची माणसं सायकली हातात धरून थांबायची. "साहेबांचा शब्द म्हणजे आपल्या वस्तीतलं नळाचं पाणी, आलं तर आलं" असलं काहीतरी बोलायचे आणि साहेबसुद्धा खिडकीत हसताना दिसायचा. जयंतीचं भाषण ह्यांचं, विहारातल्या कार्यक्रमाचे आभार ह्यांचे, मोरिवलीपासून बदलापूरपर्यंत कुणाच्या लग्नाची बोलणी असली तरी बोलवणं ह्यांना. घरी मला म्हणायचे, "तू आपल्या घराचा भोंगा. तू वाजलीस की मी निघतो." मी चिडायची. मनातून आवडायचं. खरं सांगायचं तर त्या जिभेकडे बघूनच मी लग्न केलं, नाहीतर रूपाने काही विशेष नव्हते.

घरी आल्यावर हळूहळू लक्षात यायला लागलं. एका दुपारी मी म्हटलं, "जरा डोळा लागला होता माझा." तर घाबरून, "कशाला लागला? बघू." लेक कामावरून आली की चपलाही न काढता ओरडते, "आई, पोटात कावळे ओरडतायत." एकदा हे तिच्या पोटाकडे बघत राहिले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला डॉक्टरकडे ने. मला काही ऐकू येत नाही, पण ती म्हणते आहे." तेव्हा मात्र आम्ही हसलो नाही. लेक तशीच उभी राहिली, पाठीला सॅक, आणि तिचे डोळे भरून आले.

उल्हासनगरचे आमचे डॉक्टर सिंधी आहेत, वयस्कर, भला माणूस. त्यांनी मेंदूच्या स्कॅनचे फोटो बघून समजावलं, "भाभीजी, शब्द है इनके पास. शब्द के पीछे जो छुपा रहता है ना, वो अब इनको दिखता नहीं. घुमा के मत बोलो. सीधी बात करो."

सीधी बात! डॉक्टरांना काय जातंय सांगायला. मराठीत सीधी बात करून बघा एकदा. सकाळी उठल्यापासून आपण काय बोलतो ते मोजायला बसलात तर वेड लागेल. हे वाक्यसुद्धा ह्यांच्यासमोर बोलायची सोय नाही, लगेच माझ्या औषधाची चौकशी करतील. जिथे तिथे कुणाचं नाक वर, कुणाचे पाय जमिनीवर नाहीत, कुणी कुणाच्या डोक्यावर बसलंय, कुणाच्या हातावर तुरी. एकदा कंटाळून मी म्हणाले, "जीव नकोसा झालाय बाई मला." तर दिवसभर माझ्या मागे मागे, एक पाय ओढत. मला गॅसजवळ जाऊ देईनात. बाल्कनीचं दार लावून घेतलं. शेवटी मी त्यांचे हात धरून सांगितलं, "अहो, मी दमले आहे. एवढंच. मी मरणार नाही." म्हणाले, "मग तसं म्हण ना." आणि बसले.

आता ह्यात गंमत अशी, की माझा धंदाच हा. उल्हासनगरच्या एका शाळेत मी मराठी शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त पोरं सिंधी, बाकीची उत्तरेतली, चार-पाच घरची मराठी. अलंकाराचा धडा आला की मी फळ्यावर लिहिते: उपमा. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, ये खानेवाला है क्या?" दरवर्षी हा विनोद होतो आणि दरवर्षी मी हसल्यासारखं करते. मग सांगते, ज्याला आपण कशाची तरी उपमा देतो ते उपमेय, ज्याची देतो ते उपमान, दोघांत जे जुळतं तो साधारण धर्म, आणि जुळवणारा शब्द म्हणजे सारखा, समान, जसा. मग रूपक. रूपकात तो जुळवणारा शब्द गळतो. तिथे हे त्याच्यासारखं नाही, हे तेच आहे. पोरं लिहून घेतात आणि परीक्षेत बरोब्बर उलटं लिहितात. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना शब्दाच्या मागे न्यायचं, आणि संध्याकाळी शेअर रिक्षाने अंबरनाथला परत येऊन घरच्या माणसासाठी तेच सगळं पुन्हा पुढे ओढून आणायचं. दमतं हो माणूस.

ह्यांना आठवड्यातून दोनदा शिकवायला एक मुलगी यायची, स्पीच थेरपीवाली. लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. चिकाटी तिची. ती चित्रं दाखवून विचारायची, "काका, बाळाचे गाल सफरचंदासारखे. म्हणजे काय?" हे म्हणायचे, "म्हणजे चूक. गाल खात नाहीत." पण तिनेच एक गोष्ट हेरली. वाक्यात 'सारखं' आलं की हे निदान थबकतात. 'सारखं' नसलं की सरळ खड्ड्यात. मग तिने ह्यांना एक सवय लावली. 'सारखं' ऐकलं की समोरच्याला विचारायचं, काय सारखं? उत्तर घ्यायचं. मग विचारायचं, काय वेगळं? तेही घ्यायचं. दोन्ही मिळालं की पुढे जायचं.

वर्षानुवर्षं हा धडा शिकवला, पण 'सारखं' ह्या शब्दाची एवढी किंमत मला कधी कळली नव्हती. तो शब्द बिचारा हात वर करून सांगत असतो, की बाबांनो, हे खरं नाही, नुसतं जुळतंय. रूपक तसलं काही सांगत नाही. रूपक ठोकून देतं. ज्याला मागचं दिसतं तो हसतो, ज्याला दिसत नाही तो भितो.

तेव्हापासून आमच्या घराची भाषा बदलली. लेक घरात शिरताना म्हणते, "आई, पोटात कावळे ओरडल्यासारखं वाटतंय." लगेच आतून, "काय सारखं?" "बाबा, आतून सतत काहीतरी खायला मागतं, तसं." "काय वेगळं?" "कावळे नाहीत." "बरं, मग जेव." पोळी थंड होईपर्यंत हे चालायचं. कधी कधी मला वाटायचं, जाऊ दे, उपाशी बसावं पण बोलू नये. लेकीला मात्र कंटाळा यायचा नाही. ती हसत उत्तरं द्यायची. माझ्यात तेवढं हसू शिल्लक नव्हतं, हे मी मान्य करते.

आणि नेमकं तेव्हाच तिचं स्थळ आलं.

लेक अंबरनाथलाच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मुलगा बदलापूरचा, बँकेत, आपल्यातलाच, सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये त्याने फ्लॅट घेतला होता. वडील नव्हते. आई आणि मामा सगळं बघायचे. दोघं बाहेर दोन-तीनदा भेटले, मग फोन सुरू झाले. ती फोनवर बोलताना बाल्कनीत जायला लागली, कानात नवे डूल आले. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, मला तो आवडलाय. मला हे लग्न करायचंय." आमच्या घरात आता असंच बोलतात. आढेवेढे नाहीत, लाजणं-बिजणं नाही. मी म्हटलं, "कर की मग." आणि भाजीत डोकं घातलं.

कारण मला भीती वाटत होती. तिने जावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि जाऊ नये असंही. ह्यांना आंघोळीच्या स्टुलावरून उठवायला दोन माणसं लागतात. ती उजवीकडून, मी डावीकडून. बाई ठेवून बघितली, हे तिच्या अंगावर ओरडले, बाई पळाली. लेक गेली की उजवीकडे कोण? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही.

रविवारी सकाळी बैठक ठरली. मुलाची आई फोनवर म्हणाली, "ताई, दादांची तब्येत कशी आहे?" मी म्हटलं, "झटका येऊन गेला, पण आता चालतात, बोलतात." खोटं नव्हतं. पुढचं फोनवर कसं सांगणार? आमच्या ह्यांना रूपक कळत नाही, असं सांगू?

मी लेकीला म्हटलं, "तासाभराचा प्रश्न आहे. ह्यांना आतल्या खोलीत टीव्ही लावून देऊ. झोपलेत म्हणून सांगू."

"नाही," ती म्हणाली. "मुलीचा बाप घरात आहे आणि बैठकीला नाही, असं कुठं असतं का? बाबांनी आख्ख्या अंबरनाथच्या पोरींची लग्नं जमवली. माझ्याच वेळी आत बसवणार?"

तिचं खरं होतं. लग्नाच्या बोलण्यांची भाषा लोक ह्यांच्याकडूनच शिकायचे. मग आम्ही दोघींनी ह्यांची तयारी करून घेतली. लेक समोर बसून सांगायची, "बाबा, ते म्हणतील, आम्हाला काही नको, नारळ आणि मुलगी द्या. सगळेच म्हणतात. तुम्ही फक्त हसायचं." हे हसून दाखवायचे. "असं?" "थोडं कमी." पुन्हा हसून दाखवायचे. झटक्यानंतर तोंड डावीकडे किंचित लोंबलेलं, त्यामुळे हसू अर्धंच उमटायचं. ती म्हणायची, "झक्कास!" हे दाद मिळाल्यामुळे दिवसभर मधूनच हसत राहिले. मला हसावं की रडावं कळेना.

रविवारी मुलगा, त्याची आई आणि मामा आले. जयभीम झालं, पाणी झालं, पोहे झाले. ह्यांना मी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसवलं होतं. मामा बोलका माणूस, गुळगुळीत. पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाला, "दादा, आमची म्हणाल तर अपेक्षा काहीच नाही. नारळ आणि मुलगी द्या."

हे हसले. ठरल्याप्रमाणे. मग जरा विचार करून म्हणाले, "नारळ घरात एकच आहे. चालेल?"

सगळे खळखळून हसले. मामा मुलाच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "सांगितलं नव्हतं का, दादा म्हणजे आमच्या काळातली तोफ!" मी ह्यांच्याकडे बघितलं. पण हे तोफेपाशी अडकले नाहीत, हसणाऱ्या माणसांकडे खुशीत बघत राहिले. क्षणभर मलाही वाटलं, जुने हेच खुर्चीत बसलेत. निभावलं बहुतेक.

मामाने पुढचं पाऊल टाकलं. "आता फ्लॅट घेतलाय पोराने सोनिवलीला. पण खरं सांगू का, नुसत्या चार भिंती आहेत हो. त्याचं घर करायचं ते मुलीकडच्यांनी, आपल्या हौसेने."

म्हणजे फर्निचर. म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट. मला कळलं, लेकीला दाराआड कळलं. ह्यांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "एक बेडरूम तरी असेल ना? मग चारपेक्षा जास्त भिंती असतात. मोजून बघा."

ह्या वेळी हसू जरा तोकडं पडलं. मामाला कळेना, हा टोला की काय. मुलाने खाली बघितलं. विषय सांभाळायला त्याची आई पुढे झाली. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. जे सगळ्या मुलांच्या आया म्हणतात तेच ती म्हणाली, मायेने म्हणाली. "दादा, तुम्ही काळजी करू नका. आम्ही सून नाही नेत, लेक नेतोय. ती आता आमची लेक."

ह्यांचा चेहरा बदलला. "नाही," म्हणाले. "लेक माझी आहे."

"तसं नाही हो दादा..."

"माझी आहे. हिला विचारा." माझ्याकडे बोट दाखवलं. आवाज चढला, उजवा हात खुर्चीवर आपटायला लागला. "तुमची कशी? तुमची कशी?"

मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं. पण लेक धावत बाहेर आली, ह्यांच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, बाबा, लेकीसारखी. सारखी म्हणतायत त्या."

हे थांबले. श्वास खाली आला. "सारखी," म्हणाले. "मग ठीक आहे." मी बशा उचलायला वाकले. तेवढ्यात ह्यांनी मान मुलाच्या आईकडे वळवली आणि शिकवलेल्या पोरासारखं विचारलं, "काय सारखं?"

"म्हणजे?" ती म्हणाली.

"लेकीसारखी, तर काय सारखं?"

"अहो... सगळंच की."

"सगळं सारखं नसतं. एकेक सांगायचं. तुम्हाला लेक आहे?"

"आहे ना. हिच्याएवढीच. लग्न झालंय तिचं, कल्याणला दिली."

"ती सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठते?"

"आता लेकीचं काय हो दादा, माहेरी आली की उठते आपली दहाला." बाई अजून हसत होती.

"मग आमचीही दहाला. हे एक सारखं." ह्यांनी अंगठा मिटला. "तुमच्याकडे येते का?"

"येते की. दर रविवारी असतेच, शनिवारी रात्रीच येते. मला गुडघ्याचा त्रास, सगळं तीच करून जाते."

"मग हीसुद्धा दर रविवारी येईल. इथे." हे एकदम उजळले. खरंच सांगते, लहान मुलाला खाऊ मिळाल्यावर होतो तसा चेहरा झाला. "मला आंघोळीनंतर उठवायला दोघी लागतात. एकटीला जमत नाही. रविवारचं तरी झालं."

मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्या लटकणाऱ्या हाताकडे, मग लेकीकडे. तिच्या डोळ्यांसमोर सगळं आलं असणार. रिकामा फ्लॅट, रविवारी गायब असणारी सून, आणि हा माणूस, दर रविवारी, किती वर्षं कोण जाणे. मामा उठत म्हणाला, "ही बैठक आहे का उलटतपासणी?" हे म्हणाले, "काय वेगळं, ते राहिलं अजून." लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुरे आता, बाबा." ती हळूच म्हणाली, रागाने नाही. मुलगा चपला घालताना तिच्याकडे बघत होता. दारात मामाने हात जोडले, "कळवतो."

झालं. 'कळवतो' म्हणजे काय ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

एक सोडून. हे दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायला लागले, "कळवलं का?" मी म्हटलं, नाही अजून. दुपारी पुन्हा. संध्याकाळी लेक आली की तिला. फोन माझा वाजो की तिचा, हे मान वर करायचे. "त्यांनी कळवतो म्हटलंय," मला समजावायचे, "माणसं कामात असतात." रोज तेच. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, नाद सोडा आता त्याचा!" तर म्हणाले, "कसला नाद?" मी आत जाऊन भांडी आपटली. शाळेत पोरांवर ओरडले, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडले. राग कुणाचा होता सांगू? सगळ्यांचा. बैठकीचा, मामाचा, त्या बाईच्या गुडघ्यांचा, ह्यांचा. लेकीने ह्यांना बाहेर बसवायचा हट्ट धरला, तिचाही. लेक रोज बाल्कनीत जायची आणि लगेच परत यायची. फोनवरचं बोलणं आता लांबत नव्हतं.

मग एका संध्याकाळी ती बाल्कनीतून आली आणि सरळ खाली बसली, ह्यांच्या खुर्चीला टेकून. मी ह्यांची औषधं काढत होते. "काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, मला तू हवी आहेस, पण माझे हात बांधलेत."

हे दचकले. "कोणी बांधले?"

मी गोळ्या मोजत राहिले.

"कोणी बांधले त्याचे हात? सोडवायला कुणी गेलं का?" हे उठायलाच लागले. मी सवयीने म्हणाले, "अहो, बांधल्यासारखे. तसं म्हणायचंय त्याला."

"नाही, आई," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "सारखेही नाही. काहीच सारखं नाही. बाबा, त्याचे हात मोकळे आहेत."

"मग तो येत का नाही?"

"त्याला यायचं नाही."

हे परत खुर्चीत बसले. लटकलेला हात उचलून मांडीवर घेतला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "माझ्यामुळे?"

तीस वर्षांच्या संसारात मी किती माणसांची समजूत घातली असेल! योग नव्हता म्हणावं, गाठी वरूनच बांधलेल्या असतात म्हणावं, एक दार बंद झालं तर दुसरं उघडतं म्हणावं. माझ्याजवळ गोणभर होतं आणि त्यातलं एकही ह्यांना चालण्यासारखं नव्हतं. हे वर छताकडे गाठ शोधत बसले असते. ह्यांना देता येईल असं माझ्याकडे फक्त खरं उरलं होतं. मला ते द्यायचं नव्हतं हो. पण हे बघत होते, आणि मी फार दमले होते.

"हो," मी म्हटलं.

"आई!" लेक ओरडली.

ह्यांनी मान हलवली. काय सारखं, काय वेगळं, काही विचारलं नाही. वाकून लेकीच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. ह्यांची आई गेली तेव्हा शोकसभेत ह्यांनी आईला नदी म्हटलं, सावली म्हटलं, जातं म्हटलं, लोक ढसाढसा रडले होते आणि हे कोरडे घरी आले होते. आता म्हणाले, "मला वाईट वाटतंय."

एवढंच. असं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. लेक त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडायला लागली. मीही तिथेच, औषधाच्या गोळ्या हातात धरून, जमिनीवर बसले.